चौथा कोपरा

आमच्या घरात चिकन कॅसरोलला कॅसरोल कोणी म्हणत नाही. नुसतं 'भांडं' म्हणतात. रविवारी सकाळी डोळे नीट उघडायच्या आत माझी मुलगी विचारते, "आज भांडं आहे ना?" आणि तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळतं. उकडून पिंजलेलं चिकन, मक्याचे दाणे, मशरूम, त्यावर लोणी, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस, मग किसलेलं चीज आणि सगळ्यात वर पावाचा चुरा. काचेच्या लांबट भांड्यात भरायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. यात माझी अक्कल फारशी खर्च होत नाही. तरी आमच्यासारखं भांडं दुसऱ्या कुठल्या घरात होत नसणार, कारण आमचं तिरकं व्हायचं.

तिरकं म्हणजे खरोखरीच तिरकं. आमचा ओव्हन ओट्यावर असतो, सिंकच्या शेजारी. सांडलेलं पाणी सिंककडे जावं म्हणून ओटा बांधणाऱ्यानं त्याला उतार दिला आणि देताना हात जरा सैलच सोडला. त्यात माझा सॉस पातळ. त्यामुळे ओव्हनमध्ये गेल्यावर सगळी मलई सिंकच्या बाजूला गोळा व्हायची. तिकडे चमचा बुडेल एवढा सॉस, आणि खिडकीच्या बाजूला चिकनवर सॉसचा नुसता हात फिरलेला, वरचा चुरा खरपूस तांबूस, कडेला थोडा करपलेला. पहिल्यांदा मी ओव्हनला मनसोक्त शिव्या दिल्या. मग सवय झाली, आणि बघता बघता सवयीचा कायदा झाला. खोल बाजू नवऱ्याची, कारण चावायला लागणार नाही असं सगळं त्याला आवडतं. खरपूस बाजू मुलीची. पुढचे दात पडले होते तेव्हासुद्धा तिनं ती सोडली नाही. मधलं माझं. टेबलावर भांडं ठेवतानाही खोल बाजू त्याच्याकडे आणि पातळ बाजू तिच्याकडे, असंच ठेवायचं. कुणी दुसऱ्याच्या हद्दीत चमचा घातला की घर डोक्यावर घेतलं जायचं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या नाकावरचे चष्मे सरळ करायचे, कानामागच्या दांड्या वाकवायच्या, हे माझं काम. समोरच्या फुटपाथवरून चाललेल्या माणसाचा चष्मा केसभर तिरका असेल तरी मला दिसतो आणि हात शिवशिवतात. आणि स्वतःच्या ओट्यावरचा ओव्हन इतकी वर्षं वाकडा उभा होता, त्याचं मला काही म्हणजे काही वाटलं नाही. आमचं तिघांचं छान चाललं होतं.

मग सासरे आले.

सासरे फरशी बसवणारे मिस्त्री. या गावातल्या निम्म्या घरांत लोक त्यांनी बसवलेल्या फरशीवरून चालतात. काम संपलं की बादलीभर पाणी ओतायचं आणि उकिडवं बसून ते कुठं जातं ते बघायचं, हा त्यांचा नेम होता. पाणी जिथं जायला हवं तिथं गेल्याशिवाय सामान आवरायचं नाही, मग घरमालक कितीही घाई करो. पुढं गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि काम सुटलं. सासूबाई गेल्यापासून ते त्यांच्या जुन्या घरात एकटेच राहत होते. तिथं एक दिवस न्हाणीघरात घसरले आणि मनगट मोडून घेतलं. डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घालताना विचारलं, फरशी गुळगुळीत आहे का? ते डॉक्टरांवर असे उखडले की काय सांगू. "फरशी मी बसवलेली आहे. दोष साबणाचा."

नवरा त्यांना गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आला. माझा नवरा बेकरीची गाडी चालवतो आणि दिवसभरात जेमतेम दहा वाक्यं बोलतो. त्यातली बरीचशी पावांबद्दल असतात. मी त्याला मौनीबाबा म्हणते. वडिलांना आणतानाही त्यानं फक्त फोन केला, "बाबांना आणतोय. एक उशी काढून ठेव."

मला आनंदच झाला होता, हे खरं सांगते. सासऱ्यांचं आणि माझं पहिल्यापासून कचाकचा भांडण. त्यांच्या घरी गेलो की ते माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीला नावं ठेवायचे. चहा पाणचट, कांदा जाड चिरलेला, भात गिचका. मीही काही कमी नाही, राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. "मग स्वतः करा," मी म्हणायचे, आणि ते खरंच उठून करायचे, आणि ते माझ्यापेक्षा वाईट व्हायचं, आणि मग आम्ही दोघं हसून हसून बेजार. मौनीबाबाच्या घरात नांदणाऱ्या बाईला असं भांडण म्हणजे पंचपक्वान्नांचं ताट. आता रोज भांडायला मिळणार, या खुशीत मी त्यांच्या खोलीचे पडदेसुद्धा धुऊन काढले.

पण आमच्याकडे आले आणि सासरे गोड झाले. इतके गोड की मला धडकी भरली. चहा दिला की "छान झालाय." कांदा जाड चिरला, मुद्दाम चिरला, तरी "छान झालंय." सूप करपलं, घरभर वास सुटला, भिंगरीनं नाक दाबलं. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, एका जागी बसत नाही म्हणून. तर सासऱ्यांनी तो वाडगा चाटूनपुसून संपवला आणि म्हणाले, "छान झालंय हो." आंघोळ झाली की स्वतःचा टॉवेल स्वतः धुणार आणि दाराच्या मागं कोपऱ्यात वाळत घालणार, आमच्या दोरीवर नाही. सकाळी वापरलेला शर्ट रात्री घडी करून परत बॅगेत. ती बॅग पलंगाखाली, चेन लावून, स्टेशनवर ठेवल्यासारखी.

एकच गोष्ट ते न विचारता करायचे. मी संध्याकाळी दुकानातून आले की जिन्यात माझी चप्पल वाजायची आणि त्या आवाजावर ते चहाचं आधण ठेवायचे. मी दार उघडून आत येईपर्यंत पाण्याला उकळी आलेली असायची. माझ्या उभ्या आयुष्यात कुणी माझ्या चपलेचा आवाज ओळखला नव्हता. माहेरी आम्ही इतकी भावंडं होतो की कोण आलं नि कोण गेलं याचा पत्ता लागायचा नाही, आणि मौनीबाबाचं तर सांगितलंच. पहिल्या दिवशी ते आधण बघून मी आत जाऊन तोंड धुतलं. डोळे लाल दिसले असते म्हणून.

प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हात फिरवून बघितला, मूठ आवळायला लावली आणि सगळं ठीक आहे म्हणाले. त्या संध्याकाळी चहा पिताना सासरे म्हणाले, "सूनबाई, येत्या रविवारी दुपारचं जेवून निघेन म्हणतो."

"कुठं?"

"घरी."

"तिथं कोण आहे?"

"फरशी आहे," ते म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

रात्री मी नवऱ्याला धारेवर धरलं. "तू सांग ना त्यांना राहायला. मुलगा आहेस की पाव आहेस?"

"बाबा कुणाचं ऐकतात?"

"विचारून तर बघ."

"विचारलं. म्हणाले, तुमचं तिघांचं घर बसलेलं आहे, मध्ये फट कशाला पाडू."

त्या रात्री मला झोप लागली नाही. राग येत होता आणि कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. त्या जुन्या घरात ते परत घसरतील, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हाव मोठी होती. मला ते हवे होते. ते नुसते सुखरूप असून मला भागणार नव्हतं, ते माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या चहाला पाणचट म्हणत हवे होते. आणि पाहुण्यासारखं वागणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

शेवटी मला सुचलं ते एवढंच, की रविवारी असं भांडं करायचं की बोटं चाटत बसतील आणि निघायचं विसरतील. दुसरं माझ्याकडे होतं काय?

रविवारी मी सकाळीच कंबर कसली. चिकन उकडताना त्यात कांदा आणि मिरी घातली आणि ते पाणी सॉससाठी राखून ठेवलं. एरवी मी लोणी चमच्यानं मोजते, त्या दिवशी हातानं तोडलं. मंद आचेवर मैदा परतला, कच्चा वास जाईपर्यंत, पण रंग न चढू देता. मग ते राखलेलं पाणी आणि दूध थोडं थोडं घालत एकसारखी ढवळत राहिले. गुठळी झाली असती तर मी ती मनाला लावून घेतली असती. सासरे स्टुलावर बसून बघत होते. आमच्याकडे खुर्च्या तीनच, त्यामुळे ते नेहमी स्टुलावर. खुर्ची दिली तर घेत नसत.

"चांगला लगदा जमलाय," ते म्हणाले. "अशात फरशी घट्ट बसते."

"सॉस आहे तो."

"छान झालाय."

मी दात आवळले. चिकन, मका, मशरूम सॉसमध्ये घातले, भांड्यात भरलं, वर चीज किसलं. चुऱ्यासाठी पाव आणायला नवरा आणि भिंगरी बेकरीत गेले होते, ते यायचे होते. तेवढ्यात आंघोळ उरकून घ्यावी म्हणून मी भांडं ओट्यावर झाकून ठेवलं आणि गेले. सासरे म्हणाले, "जा, जा, सावकाश कर." एवढी काळजी बघून तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते.

परत आले तर ते पुन्हा स्टुलावर, हात मांडीवर, चोरून लोणी खाल्लेल्या मांजरासारखा चेहरा. मला वाटलं, निघायचं म्हणून खुशीत आहेत. पाव आले. भिंगरीनं चुरा केला, निम्मा भांड्यावर आणि निम्मा जमिनीवर पसरला. भांडं ओव्हनमध्ये गेलं. घरभर लोण्याचा आणि चीजचा वास दरवळायला लागला, खिडकीच्या काचेवर वाफ धरली, आणि आम्ही ताटं मांडली. पलंगाखालची बॅग आता दाराशी येऊन उभी होती. मी तिच्याकडे पाठ करून बसले.

घंटी वाजली. मी फडकी घेऊन भांडं बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं.



असं सुंदर भांडं मी कधी केलं नव्हतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा सोनेरी रंग. कुठं करपलं नव्हतं की कुठं खळगा नव्हता. पुस्तकातल्या फोटोसारखं. मी सवयीनं खोल बाजू नवऱ्याकडे फिरवायला गेले आणि मला खोल बाजू सापडेना.

"आई," भिंगरीनं हळूच विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? आपलंच."

"मग माझी बाजू कुठाय?"

मौनीबाबानं एका कडेला चमचा घातला, मग दुसऱ्या कडेला घातला. दोन्हीकडे सारखंच निघालं. त्यानं चमचा खाली ठेवला आणि वडिलांकडे बघितलं. "बाबा, ओव्हन सरळ केलात?"

"केला," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "सिंककडच्या दोन पायांखाली माझ्या बॅगेतले फरशीचे तुकडे सरकवले. लेव्हल लावून बघितलं, बुडबुडा बरोबर मधोमध. इतके दिवस तुम्ही वाकड्यावर शिजवत होतात. आता सगळं सारखं. कुणीही कुठूनही घ्या."

भिंगरीनं भोकाड पसरलं. अगदी लहान असताना रडायची तशी. "मला सारखं नको! मला माझी बाजू पाहिजे!"

आणि माझा पारा चढला. एक तर रात्रभर झोप नाही, त्यात दाराशी ती बॅग, आणि ज्याच्यावर मी सगळी आशा लावून बसले होते ते भांडं परक्यासारखं समोर बसलेलं. मी म्हटलं, "अहो बाबा, विचारायचं तरी होतं! माझ्या स्वयंपाकघरात माझ्या ओव्हनला हात लावायच्या आधी एका शब्दानं विचारायचं होतं!"

बोलले आणि जीभ चावली. सासऱ्यांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत मी त्यांच्यावर पहिल्यांदा ओरडले होते. जुन्या घरी असतो तर त्यांनी मला दुप्पट सुनावलं असतं. पण ते म्हणाले, "चुकलंच माझं. पाहुण्यानं दुसऱ्याच्या ओट्याला हात लावू नये."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"नाही, बरोबर आहे तुझं." ते भिंगरीकडे वळले. "रडू नकोस गं. आजोबाला कळलं नाही." मग खाली बघत, चुरा पडलेल्या फरशीकडे बघत म्हणाले, "दर रविवारी मी बघत होतो. एक बाजू याची. एक हिची. मधलं तुझं. मला वाढताना सूनबाई, तू तुझ्यातलं काढून देत होतीस. घास घशाखाली उतरेना. म्हटलं, जायच्या आधी एवढं काम करून जावं. सरळ केलं की बाजूच राहणार नाहीत. मग परत कधी जेवायला आलो तर कुणाला आपल्या वाट्यातलं काढून द्यायला नको."

इतके दिवस मी त्यांच्या तोंडचं 'छान झालंय' मोजत होते आणि ते आमच्या बाजू मोजत होते. तीन खुर्च्या, तीन बाजू. मी त्यांना आपल्यातलं काढून देऊन केवढी मायाळू सून झाले होते मनातल्या मनात! आणि त्यांना त्यातून एवढंच कळलं होतं की यांच्या भांड्यात माझा वाटा नाही, हिला तो काढून द्यावा लागतो.

सासरे स्टुलावरून उठले. गुडघा धरून उठले. "ते तुकडे काढून घेतो," म्हणाले. "पहिल्यासारखं करून ठेवतो आणि निघतो. पुढच्या रविवारी तुमचं भांडं तुम्हाला मिळेल."

मी ओव्हनच्या पुढं जाऊन उभी राहिले. फडकी अजून हातातच होती.

"नाही काढायचे."

"अगं, पोर रडतेय."

"रडू दे. बाबा, मला तुम्ही इथं हवे आहात. तुमच्या मनगटासाठी नाही आणि लोक काय म्हणतील म्हणूनही नाही. मी जिना चढताना आधण ठेवणारं दुसरं कोणी नाही मला. आणि तुम्ही करपलेल्या सूपला छान म्हणता ना, तेव्हा मला तो वाडगा तुमच्या डोक्यावर पालथा घालावासा वाटतो." माझा आवाज चिरकला. चिरकू दे म्हटलं. "जाऊ नका."

ते अगदी हळू म्हणाले, "सूनबाई, हे तिघांचं बसलेलं घर आहे."

"मग चौघांचं करून द्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्ही बघा. मिस्त्री तुम्ही आहात, मी नाही. तिरकं होतं तेव्हा तीन बाजू होत्या. सरळ केलंत तर एकही राहिली नाही. मला चार हव्यात. ओव्हन समोर आहे, लेव्हल तुमच्याकडे आहे. काम अर्धवट टाकून तुम्ही आजवर कुठून निघाला आहात का?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ओव्हनकडे. त्यांच्या भुवया आखडल्या. हा चेहरा मी जुन्या घरी बघितला होता, पण आमच्याकडे आल्यापासून बघितला नव्हता. हाडाच्या कारागिराला अडलेलं काम दाखवलं की त्याचं दुखणंखुपणं कुठल्या कुठं जातं. ते ओट्याशी आले, वाकले, एक डोळा मिटून ओव्हनच्या कडेवरून बघितलं.

"न्हाणीघरासारखं करावं लागेल," ते स्वतःशीच पुटपुटले.

"ओव्हनमध्ये न्हाणीघर?" भिंगरी रडता रडता थांबली.

"न्हाणीघरात पाणी एका बाजूला पाठवत नाहीत, एका कोपऱ्याला पाठवतात. दोन्हीकडून उतार द्यायचा. मग चार कोपरे चार तऱ्हेचे होतात." त्यांनी मान वर केली. "माझी लेव्हल आण रे."

हे मौनीबाबाला होतं. तो उठला आणि दाराशी गेला. लेव्हल बॅगेच्या तळाशी होती, कपड्यांच्या खाली, सकाळी काम उरकून त्यांनी ती नीट परत ठेवली होती. ती काढायची तर आधी कपडे काढायला हवेत. नवऱ्यानं एकेक शर्ट काढून भिंगरीच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "हे तुझ्या कपाटात ठेव. खालच्या कप्प्यात." दिवसभराच्या दहा वाक्यांतली दोन त्यानं अशी वापरली, आणि त्या क्षणी मला त्याचं किती कौतुक वाटलं ते त्याला अजून ठाऊक नाही. भिंगरी शर्टांचा ढीग घेऊन पळाली. सासऱ्यांनी ते बघितलं. आणि पुन्हा ओव्हनच्या पायांशी वाकले.

जेवण राहिलं बाजूला. ओव्हन जरा निवल्यावर सिंककडचे तुकडे त्यांनी काढले. मग मागच्या दोन पायांखाली, भिंतीकडच्या, फरशीच्या पातळ चकत्या सरकवल्या. एक जाड झाली म्हणून बाहेर नेऊन जिन्याच्या दगडावर घासून आणली. नवरा ओव्हन उचलून धरायचा, सासरे चकती सरकवायचे, लेव्हल एकदा आडवी आणि एकदा उभी ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "अजून केसभर." मी मध्येच म्हटलं, "झालं असेल आता." तर फणकारले, "तुला कळतं का त्यातलं?" कानाला किती गोड लागलं ते!

शेवटी म्हणाले, "पाणी."

सरळ झालेलं ते चिकन आम्ही एका पातेल्यात काढलं, काचेचं भांडं धुतलं, त्यात थोडं पाणी घेतलं आणि ओव्हनच्या जाळीवर ठेवलं. चौघंही ओट्याशी वाकून बघायला लागलो, डोक्याला डोकं लावून. पाणी हललं, डुचमळलं आणि निवांत झालं. ओव्हनच्या दाराकडच्या एका कोपऱ्यात, सिंकच्या अंगाला, सगळ्यात खोल. बरोबर त्याच्या समोरच्या, आतल्या कोपऱ्यात काचेचा तळ जेमतेम ओला.

"हा खोल तुझा," सासरे मुलाला म्हणाले. "आणि तो पातळ माझ्या भिंगरीचा. आत आहे, तिथं आच जास्त. मेला असा खरपूस होईल की ती आधीचा विसरेल. राहिले दोन, दोन्ही मधले. एक दाराकडचा, जरा मऊ. एक आतला, खाली सॉस आणि वर कुरकुरीत." त्यांनी बोट ठेवलं. "मला हा दाराकडचा चालेल."

"दाराकडचा कशाला?" मी म्हटलं. "दाराकडचा मी घेते. तुम्ही आतला घ्या."

त्या बोटानं त्यांनी काचेवरचा पाण्याचा एक थेंब पुसला.

मग आम्ही पातेल्यातलं गार झालेलं चिकन चमच्यांनी खाल्लं. बाजूंचा प्रश्नच नव्हता, नुसता काला झाला होता. सासरे पलंगाकडे जायला निघाले तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग, निघताय ना?"

"पाण्याचं ठीक आहे," ते म्हणाले. "पण पाणी वेगळं आणि तुझा सॉस वेगळा. खरं भांडं लावून बघितल्याशिवाय कसं सांगणार? पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागेल." आणि मग, दाराकडे न बघता, "ती रिकामी बॅग वाटेत कुणी ठेवलीय? अडखळेल कोणी."

माझा जीव भांड्यात पडला.

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. शनिवारी मौनीबाबा बेकरीच्या गाडीतून एक खुर्ची घेऊन आला, पावांच्या क्रेटमध्ये उलटी घातलेली. रंग आमच्या खुर्च्यांशी जुळत नव्हता. रविवारी मी भांडं लावलं. सॉस ढवळताना डोकं ठिकाणावर नव्हतं. सासरे ओव्हनच्या काचेला नाक लावून बसले होते, उकिडवे, गुडघ्यांची पर्वा न करता. एकदाच म्हणाले, "उतरतंय. बरोबर उतरतंय."

घंटी वाजली. भांडं टेबलावर आलं. चार कोपरे चार रंगांचे होते. भिंगरीचा तर असा खरपूस की तिनं टाळ्या पिटल्या. आम्ही चौघं चार खुर्च्यांवर बसलो आणि ज्यानं त्यानं आपापल्या कोपऱ्यात चमचा घातला.

सासऱ्यांनी आतल्या कोपऱ्यातला पहिला घास घेतला. मी बघत होते. ते सावकाश चावत होते. 'छान झालंय' एवढं जर आता म्हणाले, तर मी काय करणार आहे ते मलाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी घास गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"सूनबाई, मीठ कुठं गेलं यातलं? एवढं दूध, एवढं लोणी, सगळं पाण्यात घातलंस की. कसलं अळणी झालंय हे!"

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली, की आता आई ओरडणार. मला तर टेबलाखाली हातातला रुमाल पिळून धरावा लागला, डोळ्यांतलं बाहेर पडू नये म्हणून.

"मीठ फळीवर आहे," मी जमेल तेवढ्या रागानं म्हटलं. "पाय आहेत ना? उठून घ्या."

ते पुटपुटत उठले, फळीवरून बरणी काढली आणि येता येता माझ्या कोपऱ्यावरही चिमूटभर टाकलं.